मुळं उकळणारे भाऊजी

आमच्या भाऊजींना चहापेक्षा मुळंच जास्त वेळा उकळताना मी पाहिलं. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. बुलढाण्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि धाडजवळच्या माझ्या मिरचीच्या नर्सरीत येऊन बसू लागले. ट्रेमधलं रोप उपटायचं, मुळं धुवायची, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळायची, मग व्हिनेगरमध्ये पेनाची निळी शाई घालून त्यात बुडवायची. मुळात बुरशी असली की सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या फांद्या दिसत. "शेठ, ये पाहाले!" अशी हाक आली की समोरचं गिऱ्हाईक सोडून मला जावं लागे. शेठ हे त्यांनी मला ठेवलेलं नाव. सायकलवर रोपं विकत मी इथवर आलो, आणि भाव करताना माझा आवाज चढतो, म्हणून.

ही बुरशी पिकाचं वाईट करत नाही. तिचे धागे मुळांच्याही पुढे जातात, मातीतलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आणून झाडाला देतात; बदल्यात झाड तिला साखर देतं. पण मातीत स्फुरद भरपूर असलं की झाड तिला पोसणं कमी करतं. भाऊजी म्हणायचे, "झाड तुह्यासारखंच आहे. घरात माल असला का बाहेरच्याले दाम देत नाही."

"मंग रोपाले उपाशी ठेवू का?"

"उपाशी कोण म्हणते? मातीत काहीच नसलं तर बुरशी तरी कुठून आणीन? हात आखडता ठेव, बंद नको करू."

या आखडत्या हातामुळे आमची रोपं जरा फिकट दिसत. "पिवळी आहे हो," असं कोणी म्हटलं की भाऊजी चष्मा पुसत म्हणायचे, "वर काय पाहता? खाली पाहा."

एका वर्षी बुरशीवाल्या रोपांचा मोठा लॉट तयार होता. आठवड्यात गेला नसता तर ट्रेमध्येच मुळांचा गुंता होऊन सगळा वाया जाणार होता. डोणगावचे जाधव तो अख्खा घ्यायला आले. सकाळभर घासाघीस झाली. ते फाटकापर्यंत जाऊन परत आले, मी दोनदा पाठ फिरवली. शेवटी भाव ठरला, साध्या रोपांपेक्षा चांगलाच वरचा. तेवढ्यात भाऊजी बाहेर आले.

"वावरात काय टाकता?"

"कमी नाही करत, सर. दरसाल डीएपी, वरून कोंबडी खत. माती तपासली, तर स्फुरद लय निघालं," जाधव ऐटीत म्हणाले.

"मंग ही रोपं काऊन नेता? तुमच्या वावरात झाड या बुरशीले विचारणार नाही. साधी न्या. अन् डीएपी थांबवा काही वर्षं."

जाधव माझ्याकडे वळले. "काय बे, तू तर हे बोललाच नाही मले!"

ते साधी रोपं घेऊन गेले. गाडी वळणाआड जायच्या आत मी ओरडलो, "नर्सरी माही आहे, भाऊजी! कॉलेज नाही हे!" दुसऱ्या दिवसापासून भाऊजी जीपमध्ये ट्रे भरून हलक्या, मुरमाड जमिनीच्या गावांत फिरले आणि लॉट संपवून आले. समोरचा म्हणेल तो भाव घेऊन! माझा माल घासाघीस न होता विकला गेला तो तेवढाच.

रोपं वाचली, पण माझा राग गेला नाही. तो भावाचा नव्हताच. गिऱ्हाइकासमोर मला खोटं पाडलं, त्याचा होता.

पुढे ताई-भाऊजी मुलीकडे पुण्याला कायमचे निघाले. धाडच्या स्टँडवर बसची वाट पाहताना मी बोललोच, "तुम्ही त्या दिवशी मले जाधवासमोर उताणं पाडलं."

"पाडलं. तुले आधी आत बोलावून सांगाले पाहिजे होतं. चुकलो मी."

"अन् सौदा?"

"सौदा खोटाच होता."

"माफी घेतो. दुसरं नाही घेत."

"अर्धाच माल उचलतं काय बे? पुरा घे, शेठ!" ते हसले. ताईनं दोघांनाही गप्प केलं, आणि बस आली.

पुढच्या उन्हाळ्यात ताईचा फोन आला. भाऊजी झोपेतच गेले होते.

उरलेला अर्धा वाद मी अजून घालतो, रोपांना पाणी देताना, कधी मोठ्यानं. पंचाईत एवढीच, की आता त्यांची बाजूही मलाच मांडावी लागते, आणि ती कमजोर करून मांडायला जीभ वळत नाही.