गुरुजींची खरवडणी

आमच्या शेजारचे निवृत्त गुरुजी हिवाळाभर मोटारीच्या काचेवरचा बर्फ खरवडत. आमचं गाव गोंदियाच्या पश्चिमेला, तिरोड्याच्या बाजूला. इथे बर्फ दिसतो तो रसवंतीत, नाहीतर मयतीच्या घरी. पण गुरुजींच्या मुलाने कॅनडाहून बर्फ काढायची खरवडणी पाठवली होती. एका टोकाला ब्रश, दुसऱ्या टोकाला प्लास्टिकचं चपटं पातं. वस्तू आली म्हटल्यावर तिला काम द्यावंच लागलं. रोज सकाळी कानटोपी आणि हातमोजे घालून गुरुजी उद्घाटनाला निघाल्यासारखे अंगणात उतरत.

रस्त्याने जाणारा कोणीतरी विचारी, "काय करून राहिले, गुरुजी?"

"काच साफ करून राहिलो."

"अन् बर्फ कुठी हाय?"

"पडला त? तेव्हा शिकत बसू का?"

काचेवर असायचं दव, आणि दवात बसलेली पलीकडच्या राईस मिलची राख. मिलच्या भट्टीत धानाचा भुसा जळतो. त्याची राख चिमटीत धरली की बारीक वाळूसारखी करकरते. म्हणून बाकीचं गाव आधी बादलीभर पाणी ओततं आणि मग जुन्या लुंगीने पुसतं. गुरुजींना हा प्रकार मागासलेला वाटे. पात्याखाली राख घासली जाऊन दोन हिवाळ्यांत काचेवर बारीक रेघांचं जाळं झालं. एरवी ते दिसत नसे. ऊन समोरून आलं की काच दुधासारखी पांढरी होई.

यंदा मुलगा येणार होता, आणि तो कशासाठी येतोय हे गुरुजींना ठाऊक होतं. या वयात गाडी नको, विकून टाकू, असं तो फोनवर म्हणतच होता. गाडी गेली की गोंदियाला लेकीकडे जायचं तरी कोणाच्या तरी सोयीने जावं लागणार. म्हणून सकाळी गोंदियाच्या स्टेशनवर मुलाला आणायला गुरुजी स्वतः निघाले. मला शेजारी बसवलं.

सूर्य थेट समोर होता.

"दिसून राहिलं का, गुरुजी?"

"मंग तुम्हाले कायले आणलं? सांगा ना."

मी सांगत गेलो. डावीकडे म्हैस, पुढे धानाचा ट्रॅक्टर, आता सायकल. बैलगाडीपेक्षा जरा वेगाने आम्ही पोचलो. परतताना सूर्य पाठीशी होता आणि गुरुजींनी गाडी निर्दोष चालवली.

"बाबा, तुम्ही तर चांगली चालवता," मुलगा म्हणाला. गुरुजी काही बोलले नाहीत. एवढी नम्रता मी त्यांच्यात आधी पाहिली नव्हती.

पुढे मुलगा असेपर्यंत ते त्याला घेऊन गोंदियाला संध्याकाळीच जात, लेकीकडे मुक्काम करत आणि सकाळी परतत. मुलाच्या परतीची रेल्वेगाडीही गोंदियाहून सकाळची होती. गुरुजींनी आदल्या संध्याकाळीच निघायचं जाहीर केलं.

"बाबा, गाडी उद्या आहे."

"सकाळी धुकं राहते."

त्या आठवड्यात धुकं एकदाही पडलं नव्हतं. मुलाने काचेवरून बोटं फिरवली, मावळतीकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"चला, आत्ताच निघू," तो म्हणाला. "चालवा तुम्हीच."

गुरुजी गाडीत बसले. डिकीत बॅग ठेवताना तो मला हळूच म्हणाला, "काका, मी गेल्यावर त्यांना काच बदलून घ्यायला सांगा. मी सांगितलं असं नका म्हणू."