पंचेचाळीस किलोंची अट

मला भांडकुदळ म्हणतात. म्हणू देत! नवऱ्याच्या अंगावरचं मांस डोळ्यांदेखत झडताना बघून जी बाई गप्प बसते, तिला माझा लांबूनच नमस्कार.

आमचे हे, हरिश्चंद्र, मिरकरवाड्याच्या जेटीवर लाँचींची इंजिनं दुरुस्त करायचे. पन्नाशी ओलांडली नि उजव्या हाताला कंप सुटला. पाना धरवेना. मग चालताना पाय जमिनीला चिकटायला लागले. डॉक्टर म्हणाले, पार्किन्सन. दिवसाला तीन गोळ्या. गोळी लागू पडली की दोनेक तास माणूस माणसात, नाहीतर नुसतं लाकूड. रात्रंदिवस थरथरून वजन एकोणचाळीसवर आलं.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीत धाकटे दीर महिपत आम्हाला मुंबईला घेऊन गेले. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, "कवटीला बारीक भोक पाडून आत सुई घालतो. हाताची थरथर थांबेल. पण पंचेचाळीस किलोंच्या खाली मी हात लावणार नाही. शिमग्यानंतर वजन वाढवून या."

सहा किलो! मी म्हटलं, वाढवते. ही सगुणा काय चीज आहे ते त्या डॉक्टरला ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे औषध उपाशीपोटी कुणी घेत नाही. मी तर नेमच धरला. प्रत्येक गोळी भरल्या पोटी, आणि पोट भरायचं ते मासळीनं. सकाळी दोन अंडी नि पेजेबरोबर सुकी कोळंबी, दुपारी बांगडे नाहीतर सौंदाळे, संध्याकाळी पुन्हा तेच. मी समोर बसून भरवायची.

"बास गो," ते म्हणायचे.

"बास काय? सहा किलो काय आभाळातून पडणार?" मी खेकसायची. ते मुकाट्याने खायचे.

दर शनिवारी रावजीच्या लाकडाच्या वखारीत वजन. मोठ्या तराजूच्या एका पारड्यात हे, दुसऱ्यात लोखंडी वजनं. "वहिनी, ओंडका परवडला, हलत तरी नाही," रावजी म्हणाला, तेव्हा मी त्याच्याकडे असं बघितलं की पुन्हा त्याने थट्टा केली नाही. चाळीस झाले. बेचाळीस झाले. जानेवारीत त्रेचाळीस.

पण माणूस बिघडत चालला होता. जेवण झालं की खुर्चीत बसल्या जागी गोठायचे. गोळी पोटात असून नसल्यासारखी. एका दुपारी घास गिळवेना, त्यातच काटा घशात रुतला. चेहरा काळानिळा पडला. मी पाठीत बुक्के घातले, केळं कोंबलं, तेव्हा कुठे काटा उतरला. तरी संध्याकाळी मी काटे काढून मासा वाढलाच.

बरे असायचे ते फक्त सोमवारी. सोमवारी आमचा उपास. केळी, रताळी, एवढंच. त्या दिवशी गोळी घेतली की तासाभरात उठायचे, शंकराच्या देवळापर्यंत चालत जाऊन यायचे. मला वाटलं, महादेव पावला. मी नवस बोलले आणि मंगळवारी दुप्पट मासळी आणली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी तराजूचा काटा पंचेचाळीसला मधोमध थांबला. मी तिथेच हात जोडले.

"उतरा आता," रावजी म्हणाला.

हे उतरेनात. डोळे तेवढे फिरत होते. तोंडातून लाळ गळायला लागली, श्वास घरघरायला लागला. दोन हमालांनी उचलून रिक्षात घातलं नि जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण नवीन, कोवळी पोर. तिने एकेक विचारलं. गोळी कधी देता? कशाबरोबर? मी ऐटीत सगळं सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं.

"मासळी-अंड्यातलं प्रोटीन या गोळीची वाट अडवतं. गोळी मेंदूपर्यंत पोचतच नाही. गोळी जेवणाआधी तासभर द्या. दिवसा भात, भाजी, नारळ, तूप, केळी. वजन त्यानेही राहील. मासे रात्रीच्या जेवणात."

"काहीतरीच!" मी ओरडले. "सोमवारी चालतात की चांगले!"

"सोमवारी काय खातात?"

"केळी, रताळी," मी बोटांवर मोजलं. मासळी त्यात नव्हतीच. चार महिने माझ्याच हातांनी मी ह्यांना बांधून घातलं होतं.

दवाखान्यात गोळी लागू पडली तसं रात्री घरी सोडलं. रविवारी दहाला रिकाम्या पोटी गोळी दिली. अकराला हे आपले आपण उठून स्वयंपाकघरात आले. मला रडू फुटलं. "मला मेलीला कळलं नाही हो."

"मला कळलं होतं," ते म्हणाले. "पौषातच. मासे खाल्ले की मी गोठतो."

"आणि बोलला नाहीत?" माझा आवाज शेजारी गेला असणार.

"बोललो असतो तर तू मासे बंद केले असतेस. मला वाटलं, मग पंचेचाळीस व्हायचे नाहीत."

"आणि त्यात जीव गेला असता तर?"

"गेला असता," ते म्हणाले. "पण हात परत हवा होता गो मला."

इतकं ते कित्येक महिन्यांत एका दमात बोलले नव्हते. मी तिथेच जमिनीवर बसून मोठ्याने रडले.