धूर कोणाचा

रेशमी स्कार्फ रंगवणाऱ्या आमच्या कारखान्यात ते स्कार्फ विकणाऱ्या परदेशी फॅशन कंपनीच्या मुंबई ऑफिसातल्या मॅडम आल्या होत्या. त्यांचे स्कार्फ बनवताना वर्षभरात किती धूर सुटला, याचा तक्ता मी त्यांच्या कंपनीच्या अहवालासाठी भरत होते. बॉयलरच्या कोळशाच्या रकान्यापाशी त्यांनी मला थांबवलं.

"हे नको. बॉयलर तुमचा आहे, आमचा नाही."

खिडकीबाहेर शेजारच्या लक्ष्मीअक्का वाळत घातलेले कपडे काढत होत्या. काजळी बसलेलं नातीचं झबलं त्यांनी झटकलं आणि पुन्हा बादलीत टाकलं. माझं डोकं सणकलं. स्कार्फ यांचा, त्यावरचं नाव यांचं, आणि धूर तेवढा परका?

"कोळसा लिहिल्याशिवाय मी सही करणार नाही," मी म्हणाले.

मॅडम तक्ता घेऊन मालकांकडे गेल्या. मालकांनी न वाचताच सही केली.

त्यांच्या अहवालात आमच्या गावावरचं आकाश स्वच्छ आहे.