दोन डोकी आणि एक कोडिंग शीट

"एका कागदावर दोन माणसं किती दिवस बसणार?" साहेबांनी आमच्या मागं उभं राहून विचारलं.

तो कागद म्हणजे कोडिंग शीट. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. आमच्या साखर कारखान्यात कॉम्प्युटर नव्हता. तो पुण्यात होता, भाड्याचा, आठवड्यातून एक दिवस आमचा. आम्ही प्रोग्रॅम कागदावर लिहायचो, तो कार्डांवर पंच करून एस.टी.नं पुण्याला जायचा. चूक निघाली की आठवडा गेला.

म्हणून मी लिहायचो आणि शेजारी भाऊसाहेब बसायचा. सोनईच्या शेतकऱ्याचा मुलगा, माझ्यासारखाच बी.एस्सी. प्रत्येक ओळीला विचारायचा, "हे कशापायी?" उत्तर देता आलं नाही, की ओळ खोडायची. वेळ दुप्पट जायचा. भांडणं व्हायची ती वेगळीच.

या वेळचा प्रोग्रॅम ऊसतोडीच्या पाळीचा होता. ज्याची लागण आधीची, त्याचा ऊस आधी तुटणार. पाळी चुकली तर उभ्या उसाला तुरे येतात, वजन घटतं.

साहेबांनी भाऊसाहेबला टायरट्यूबच्या स्टॉकवर बसवलं. सहा दिवसांचं काम मी एकट्यानं तीन दिवसांत संपवलं. मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं. मलाही ते पटलं.

यादी आली, तोडणी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी एक वयस्कर शेतकरी ऑफिसात आले.

"माझी लागण अठ्ठावीस जुलैची. शेजाऱ्याची दोन ऑक्टोबरची. त्याचा ऊस तुटला, माझा उभा हाय. तुमच्या मशिनीत ऑक्टोबर जुलैच्या आधी येतो व्हय?"

येत होता. मी तारीख बोलतो तशीच ठेवली होती, आधी दिवस, मग महिना. मशिननं आधी दिवसच पाहिला. दोन हा अठ्ठावीसच्या आधी. भाऊसाहेबला बोलावलं, तर त्यानं वरून दुसऱ्याच ओळीवर, तारखेच्या, बोट ठेवून विचारलं, "हे कशापायी?"

पुन्हा दोघं बसलो. पुन्हा सहा दिवस. नवी यादी बिनचूक आली. त्या शेतकऱ्याचा ऊस पहिल्याच पानावर होता. चेअरमनसाहेबांचा शेवटच्या, कारण लागणच उशिराची.

साहेबांनी यादी दोनदा वाचली.

"यात चूक आहे."

"कुठं?" मी विचारलं.

"ते तुम्ही दोघांनी शोधायचं."

दिवसभर शोधलं. सापडली नाही. दुसऱ्या आठवड्यात आमच्या टेबलाशी चेअरमनसाहेबांचे भाचे येऊन बसले. त्यांना ती लगेच सापडली.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. एका कामाला दोन डोकी बसवली, तर वेळ जास्त जातो आणि चुका कमी होतात. तिसरं बसवलं, तर वेळ अजिबात जात नाही. यादी ते घरूनच घेऊन येतं.