काकूनं काढलेल्या खुणा

मामानं पुण्याहून आणलेला तो खेळ वहीसारखा उघडायचा. खालच्या पडद्यावर प्लॅस्टिकच्या काडीनं रेघा ओढायच्या. दोन जादूगार समोरासमोर उभे राहायचे. आग फेकायला एक खूण, ढाल धरायला दुसरी, समोरच्याला गोठवायला तिसरी, ती तर फारच वळणावळणाची. खूण चुकली किंवा हात रेंगाळला की आपला जादूगार खाली. मी तेव्हा सातवीत होते आणि माझा जादूगार सारखा पडायचा.

काकूचा क्वचितच पडायचा. भोकरदनच्या आमच्या घरात मागच्या खोलीत ती एकटी राहायची. लग्नानंतर थोड्याच दिवसांत काका अपघातात गेले, मूलबाळ नव्हतं. दिवसभर ती आमच्या सगळ्यांचं करायची आणि दुपारी आईचा डोळा लागला की माझ्याजवळ येऊन बसायची. माहेरी असताना दिवाळीत गल्लीभर तिच्या रांगोळीचं नाव होतं म्हणे. आमच्या दारात मात्र तिनं रांगोळी काढायची नाही, असं काका गेल्यावर ठरलं होतं. कुणी ठरवलं, ते कुणी सांगत नसे.

काडी हातात घेतली की तिचा हात वेगळाच व्हायचा. "घाबरत घाबरत ओढू न्हाई. एका दमात ओढ," ती मला सांगायची.

लाइट नसली आणि खेळ बंद पडला की ती मागच्या फरशीवर खडूनं खुणा काढायची आणि मी त्या गिरवायचे. त्या वेळी तिला हसताना मी पाहिलं आहे. इतर वेळी आठवत नाही.

त्याच सुमाराला शेजारच्या सुनेचं पोट पडलं. तिची सासू काहीतरी मागायला आमच्या मागच्या दारी आली आणि फरशीवरच्या खुणा बघून तिथंच ओरडली. बघता बघता अंगण भरलं.

"हिला लेकरू न्हाई, म्हणून दुसऱ्याचं बघवत न्हाई. करणी केली हिनं," ती सासू सगळ्यांना सांगू लागली.

काकू एवढंच म्हणाली, "मी खेळून राह्यलते."

मोठ्या बाईनं चारचौघांत खेळत होते म्हणायचं, याची तिला लाज वाटली. तिची मान खाली गेली. "बघा, कसं तोंड पडलं," शेजारीण म्हणाली.

मी धावत जाऊन खेळ आणला. चालू करून माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, हातात दिला. अप्पांनी पडद्यावरची आगीची खूण पाहिली, मग वाकून फरशीवरची पाहिली. त्यांना कळलं. कळल्याचं मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. त्यांनी खेळ मिटून मला परत दिला आणि आईला म्हणाले, "खेळ असू दे न्हाई तर काही. पोराची सोयरीक चालू आहे. उद्या नवी सून या घरात यायचीय."

आईनं ओलं फडकं आणून फरशी पुसली.

काकूचा भाऊ आला आणि तिला जांब समर्थजवळच्या माहेरी घेऊन गेला. मागची खोली रंगवून झाली, दादाचं लग्न झालं, तो तिथं राहायला गेला. खेळ मात्र कुणी काढून घेतला नाही. अप्पा म्हणायचे, "अभ्यास झाला की खेळ." त्या खुणांची त्यांना भीती कधी नव्हतीच.

माझ्या लग्नात शेजारची तीच सून माझ्या हाताला मेंदी लावायला बसली होती. बोलता बोलता म्हणाली, "डॉक्टरीण आधीच बोलल्या होत्या, ते पोट टिकणार न्हाई म्हणून. सासूबाईंना पण माहीत होतं." मग ती पुढचं बोट धरून नक्षी काढू लागली.

हे सांगायला मी काकूकडे गेले. एसटीतून उतरून घर विचारलं, तर एका बाईनं ते हातानं दाखवलं, दारापर्यंत आली नाही. काकू गोठ्यालगतच्या खोलीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. केस पिकले होते. गावात कुणी बाळंत झालं तर भावजय तिला बाहेर पडू देत नाही, हे तिनं स्वतःच सांगितलं, आज पाणी आलं नाही म्हणावं इतक्या सहज.

मी सुनेचं बोलणं सांगितलं. तिनं शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"मंग? आता काय करू मी त्याचं?"

चहा झाला. निघताना मी पाया पडले, तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"आलीस, बरं वाटलं," ती म्हणाली. "पण पुन्हा येऊ नको. तू गेली की इथल्या बाया विचारतात, कोण आल्ती, कशाला आल्ती."

मी पुन्हा गेले नाही. खेळातल्या खुणांना लोक करणी समजले, ही गोष्ट आमच्या घरात आता हसत सांगितली जाते, पाहुण्यांच्या जेवणानंतर, अप्पांच्या तोंडून. पाहुणेही हसतात.