बाहेरचा माणूस

पनीरचा कारखाना वाढला, त्याची कंपनी झाली, तेव्हा सीएने सांगितलं, "संचालक मंडळावर एक बाहेरचा माणूस घ्या. रोजच्या कामात त्याने पडायचं नाही. बैठकीला यायचं आणि तुम्हाला अडवून विचारायचं." मला पटलं. मी, नवरा आणि धाकटे दीर, आम्हा तिघांना एरवी कोण अडवणार? राहुरीच्या विद्यापीठातून निवृत्त झालेल्या, दुग्धशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई मी सुचवल्या.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, लांब कशाला? आपले पाव्हने हायेत की. सोसायटीचे चेअरमन हुते, अन् आपल्या घरातलेबी न्हाईत."

पाव्हने म्हणजे त्यांचे व्याही, सुनेचे वडील. गावात माईक हाती आला की न सोडणारा माणूस. पण मुलीचा बाप मुलीच्या सासरी तोंड उघडतो का कधी? आणि त्यांनाच आम्ही जाब विचारायला बसवणार! माझं डोकं फिरलं. पण माझं कोण ऐकतो? फेटा झाला, शाल-नारळ झाला, गेटवर फ्लेक्ससुद्धा लागला.

मे महिन्यात कोल्ड रूम बंद पडली. आमची लॅब सूनच बघते. तिने पनीर तपासलं आणि सगळं फेकायला सांगितलं. माल लग्नाच्या पंगतीचा होता. त्याच दिवशी बैठक होती. भाऊजी म्हणाले, "बर्फाच्या पान्यातून काढा अन् धाडा. शब्द दिलाय." मी ठाम नाही म्हटलं. नवऱ्याने नेहमीप्रमाणे अंग काढून घेतलं. "पाहुण्यांना विचारू," म्हणाला.

सून चहा घेऊन आली होती. तिने कप वडिलांपुढे ठेवला आणि तिथेच थांबली. "आप्पा, वास येतोय त्याला. तुम्ही तरी सांगा."

त्यांनी व्याह्यांकडे पाहिलं, मग खाली टेबलाकडे. "आमी काय सांगावं? तुमचं घर हाय. तुमी म्हनाल तसं." आणि लेकीला हळूच म्हणाले, "दमानं घे, ताई."

ती आत गेली. मी गेटपर्यंत धावले, ड्रायव्हरला थांब म्हटलं. त्याने भाऊजींकडे पाहून टेम्पो काढला. भाऊजींनी माणूस चुकीचा निवडला, असं मी इतके दिवस म्हणत होते. चूक कसली, अगदी हवा तसा निवडला होता. माझा संताप आजही जात नाही.

परत आले तर सगळे उठून गेले होते. पाहुण्यांचा कप तसाच होता, साय धरलेला. नातवंड होईपर्यंत मुलीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही जुनी रीत ते कडक पाळतात. मुलीच्या घरचं ते पनीर मात्र त्यांनी परक्या लोकांच्या ताटात जाऊ दिलं.