अराबाला आईला वाचून दाखवायचं होतं

अराबा मेन्सिमाला ओळखत नाही असा लेखक आमच्या ताकोराडी गावात सापडायचा नाही, आणि तिची आठवण काढणाराही सापडायचा नाही. हे मी चिडून बोलतेय, हो, चिडूनच. मला गोडगोड बोलता येत नाही. मी खिम्याच्या करंज्या विकते. ईबोच्या पुस्तकाच्या दुकानासमोर माझी गाडी असते, आणि दुकानात जेवढी वाचनं झाली तेवढी मी दारातून ऐकलीत. खाणं माझ्याकडचंच असतं ना!

ईबो दुकानाचा मालक. पण वाचनाचा कार्यक्रम म्हणजे अराबा. लेखकाला बसस्टँडवरून आणायचं ती, खुर्च्या पुसायच्या ती, "या, बसा, दहा मिनिटं तर बसा" करत रस्त्यावरची माणसं आत ओढायची तीच. लेखक वाचून झाला की ईबो विचारायचा, "कुणाला काही प्रश्न?" आणि सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागायचे. लेखकाचं तोंड एवढंसं व्हायचं. मग मागून अराबा हात वर करायची. खरा प्रश्न विचारायची, पुस्तक वाचलेलं असायचं तिने. तो ऐकून दुसऱ्याला धीर यायचा, मग तिसऱ्याला. कार्यक्रम तरायचा. शेवटी लेखक ईबोशी हात मिळवून निघून जायचा, आणि अराबा खुर्च्या उचलायची.

"अगं, तुझ्याशी कुणी नीट बोलत तरी नाही," मी म्हणायचे.

"बोलायला कशाला पाहिजे, आजोआ? ऐकायला मिळालं ना," ती म्हणायची. असला राग यायचा मला!

तिची आई, एफुआ आजी, तिच्यापेक्षा माझ्यासारखी. जन्मभर सेकोंदीच्या किनाऱ्यावर मासे धुरावले, म्हणजे धुरावर सुकवून विकले तिने. मातीच्या भट्टीपाशी डोळे गेले, म्हणजे अगदी गेले नाहीत, पण माणूस आणि खांब यातला फरक कळेनासा झाला. तिने धुराच्या पैशांवर पोरीला शिकवलं. तिला वाटलं होतं पोरगी बँकेत बसेल, गाडीतून फिरेल. पोरगी बसली पुस्तकाच्या दुकानात. लग्नही केलं नाही. म्हातारी मला भर बाजारात सांगायची, "एवढे मासे धुरावले, आणि ही काय करते? लोकांसाठी खुर्च्या मांडते. खुर्च्या मांडायला काय शाळा लागते गं?"

अराबा शेजारीच उभी असायची. 

आणि मग तिने पुस्तक लिहिलं. कुणाला न सांगता, चार वर्षं खपून. आपल्या फान्तीतच लिहिलं, इंग्रजीत नाही. ईबो म्हणाला, "फान्तीत कोण विकत घेणार?" ती म्हणाली, "आईला इंग्रजी कुठे येतं?" सगळं पुस्तक किनाऱ्यावरच्या बायकांचं होतं आणि पहिलं प्रकरण आईचं. मला तिने ते माझ्या गाडीपाशी वाचून दाखवलं. म्हातारी पहाटे भट्टी पेटवते, सगळ्यात मोठा मासा विकत नाही, पानात गुंडाळून हेडमास्तरणीकडे नेते आणि दारातच उभी राहून म्हणते, पोरीला पुढच्या बाकावर बसवा. शेवटी लिहिलं होतं, मी आजवर जे जे वाचलं ते त्या बाकावरून वाचलं. माझ्या करंज्या जळल्या त्या दिवशी. रडूच आलं मला, काय सांगू.

"हे आईला वाचून दाखव," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता घरी जा."

"तिला ऐकू येत नाही, आजोआ."

तेही खरंच. दोन वर्षांत म्हातारीचे कान पार गेले होते. घरात अराबा ओरडून बोलायला लागली की शेजारी भांडण सोडवायला धावायचे, आणि म्हातारी म्हणायची, "कागद ठेव तो, केळी सोल." तिला ऐकू यायचं ते एकाच ठिकाणी, चर्चमध्ये, भोंग्याच्या बरोब्बर खाली बसली की. पाद्रीबाबांचा शब्दन् शब्द घरी येऊन सांगायची. म्हणून अराबाच्या डोक्यात बसलं: दुकानात वाचन करायचं, भोंगा लावायचा, आईला भोंग्याखाली बसवायचं आणि पहिलं प्रकरण वाचायचं. बाकी कुणी आलं नाही तरी चालेल. जन्मात पहिल्यांदा तिने स्वतःसाठी काहीतरी मागितलं.

एवढंसं तर मागणं! पण ईबोच्या अंगात आलं. "आपल्या अराबाचं पुस्तक आणि नुसतं वाचन? लोक शेण घालतील माझ्या तोंडात. रीतसर प्रकाशन करू. अध्यक्ष बोलावू, पहिली प्रत बोलीवर देऊ."

आमच्याकडे ही रीतच आहे. पुस्तक बाहेर काढायचं म्हणजे बडी माणसं बोलवायची, आणि माइकवरचा माणूस एकेकाचं नाव घेऊन विचारणार, पहिली प्रत केवढ्याला? मग ज्याची पत मोठी त्याची बोली मोठी, बोलीचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे, आणि प्रत्येक बोलीला टाळ्या. पुस्तक कुणी उघडत नाही. उघडायचं कशाला? फोटोत मिटलेलंच छान दिसतं.

"मला नको ते," अराबा म्हणाली. "मला फक्त वाचायचंय."

"वाच की! कोण नाही म्हणतं? बोलीच्या आधी वाच. कार्यक्रमपत्रिकेत सहाव्या नंबरवर तुझं वाचन घालतो. झालं?"

ती भोळी हो म्हणाली. ईबोही वाईट माणूस नाही हो, त्याला खरंच वाटत होतं आपण तिचा मान करतोय. वाईट माणूस असता तर दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते.

शनिवारी कार्यक्रम. दुकान पुरणार नाही म्हणून रस्त्यावर मांडव घातला, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या, भोंगे आणले. माइकवर फिफी, आमचा रेडिओवाला. गावातलं बारसं असो, मयत असो, दुकानाचं उद्घाटन असो, फिफीशिवाय होत नाही. मयतीत घरच्यांना कुणी किती मदत दिली तेही नावं घेऊन तोच भोंग्यातून सांगतो, आणि सगळीकडे त्याचा आवाज तोच, कोट तोच. अध्यक्ष कोण, तर मिस्टर टेकी, लाकडाचे मोठे व्यापारी. त्यांना फान्ती पुस्तकाचं काय पडलं होतं? पण एवढा मोठा माणूस बसला की बाकीचे आपोआप येतात.

अराबाने आईला नवं लुगडं नेसवलं आणि पहिल्या रांगेत भोंग्याखाली बसवलं. शेजारी मी. म्हातारीला आधी ओरडून सांगितलं होतं, "आई, माझं पुस्तक आहे!" म्हातारीने मान हलवली होती. काय कळलं ते देव जाणे.

जो येईल तो आमच्या रीतीप्रमाणे उजवीकडून डावीकडे पहिल्या रांगेतल्या सगळ्यांशी हात मिळवत जायचा. म्हातारी प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत धरायची. "आलात, फार बरं झालं," म्हणायची. अराबा लांबून बघत होती. तिचा चेहरा असा उजळलेला मी कधी बघितला नव्हता.

पण अध्यक्ष कुठे होते? अध्यक्षांशिवाय सुरुवात करायची नाही. ऊन माथ्यावर आलं, उतरायला लागलं, फिफीने तीच तीन गाणी फिरवून फिरवून लावली. मग मिस्टर टेकींची गाडी आली, सगळे उभे राहिले, आणि झालं सुरू! प्रार्थना. मग अध्यक्षांची ओळख. मग अध्यक्षांनी अध्यक्षपद स्वीकारल्याचं भाषण. मग ईबोने दुकानाचा इतिहास सांगितला. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच. त्यानंतर एका प्रोफेसरांनी पुस्तकाविषयी बोलायचं होतं, ते आपल्या स्वतःच्या पुस्तकाविषयी बोलले. आणि हे सगळं इंग्रजीत, फिफीचंही.

अराबा पुस्तकात बोट घालून उभी होती. सहावा नंबर आला. ती माइककडे निघाली, तेवढ्यात मिस्टर टेकींच्या माणसाने फिफीच्या कानात काहीतरी सांगितलं.

"माननीय अध्यक्षांना दुसरीकडे जायचंय," फिफी भोंग्यातून म्हणाला. "तेव्हा आधी बोली उरकून घेऊ, वाचन नंतर निवांत. आंटी अराबा, चालेल ना?"

चालेल ना! दोनशे माणसांसमोर, माइकवरून विचारल्यावर बाई काय म्हणणार? तिने मान हलवली आणि एक पाऊल मागे घेतलं. मला उठून त्या फिफीच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

"पहिली प्रत! मिस्टर टेकी आणि कुटुंब!" फिफी ओरडला, आकडा सांगितला, टाळ्या. "मिसेस अमिसा आणि कुटुंब!" टाळ्या. "मासेविक्रेत्या बायकांचा संघ!" टाळ्या. नाव, आकडा, टाळ्या. नाव, आकडा, टाळ्या. शेजारी म्हातारी एकेक नाव ऐकून मान डोलवत होती. मग तिने डोळ्यांना पदर लावला. फोटोग्राफर धावत आला. मलाही गहिवरून आलं. म्हटलं, चला, कळलं म्हणायचं म्हातारीला.

तेवढ्यात तिने लुगड्याच्या टोकाची गाठ सोडली, मळकी नोट बाहेर काढली आणि हात वर धरला. फिफीला आयतंच मिळालं. माइक घेऊन आला. "लेखिकेची आई! बघा, बघा, आईचं काळीज!" सगळा मांडव उभा राहिला. मिस्टर टेकींनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. म्हातारी माइकमध्ये काहीतरी पुटपुटली, पण टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही. अराबाने तोंडावर हात धरला होता. ती रडत होती.

मग अध्यक्षांचं समारोपाचं भाषण, आणि समारोपाची प्रार्थना. प्रार्थना झाली की आमच्याकडे कार्यक्रम संपला. त्यानंतर कुणी बोलत नाही, फक्त खातात. मिस्टर टेकींची गाडी निघाली, त्यांच्यामागे माणसं निघाली, राहिलेली करंज्यांच्या डब्यांवर तुटून पडली.

"मी वाचते," अराबा फिफीला म्हणाली. "एकच प्रकरण. आईपुरतं."

"वाचा की, आंटी, तुमचाच दिवस आहे!" आणि फिफी गेला सरबत प्यायला.

तिने माइक हातात घेतला, पान उघडलं. भोंग्यातून एक शब्दही आला नाही. मी मागे वळून बघितलं तर भोंगेवाला वायर गुंडाळत होता. त्याला संध्याकाळी सेकोंदीला दुसरा मांडव होता.

"अरे मेल्या, थांब ना! बाई वाचतेय!" मी ओरडले.

"प्रार्थना झाली ना? माझं बोलणं प्रार्थनेपर्यंतचंच झालं होतं," तो म्हणाला. आणि काढला की त्याने बाईच्या हातातला माइक. हिसकावला नाही, अगदी नम्रपणे घेतला, "सॉरी आंटी" म्हणाला. अराबा उघडं पुस्तक घेऊन तशीच उभी राहिली. कुणीतरी तिला बाजूला व्हायला सांगितलं, खुर्च्या उचलायच्या होत्या.

मी ईबोला काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. तो बिचारा म्हणत राहिला, "पण केवढा मोठा कार्यक्रम झाला! दुकानात इतकी माणसं कधी आली नव्हती!" म्हातारीचा पदर डोळ्यांना लावलेला तो फोटो त्याने नंतर मोठा करून दुकानात टांगला. खाली लिहिलंय, आईचे आनंदाश्रू.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी आम्ही तिघी टॅक्सीने घरी निघालो. म्हातारी मधे, आम्ही दोघी दोन्हीकडे. मीच अराबाला म्हटलं, "जाऊ दे गं. म्हातारीला समजलं ते महत्त्वाचं. बघितलंस ना, कशी रडत होती, स्वतःची नोट काढून दिली."

"हो," अराबा म्हणाली. "तेवढं झालं." पुस्तक तिच्या मांडीवर होतं. माझ्या आयुष्यात मी एवढी दमलेली बाई बघितली नाही, पण ती हसत होती.

म्हातारीने तिचा हात चाचपून हातात घेतला आणि थोपटला.

"मोठ्या माणसाची होती गं," ती म्हणाली. "केवढी माणसं आली, केवढी मदत दिली. मीही माझं दिलं, घरच्यांना धीर धरा म्हटलं. पण त्या फिफीने शेवटपर्यंत नाव काही सांगितलं नाही. कोण गेलं गं?"

 अराबा तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने ओरडली, "कुणी गेलं नाही, आई!"

"आं?"

"कुणी मेलं नाही!"

टॅक्सीवाल्याने आरशातून मागे बघितलं.  म्हातारीच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"कुणी मेलं नाही," ती म्हणाली, "तर मग एवढी माणसं कशाला आली होती?"

 पुढे घराची गल्ली आली, तेव्हा अराबाने ड्रायव्हरला डावीकडे घ्यायला सांगितलं.